कोठडीच्या दाराशी धर्मगुरू : आधुनिक साहित्यातील एकाकीपणा व हतबलता

आधुनिक पाश्चात्त्य साहित्याचा विषय निघाला की आपल्या प्रवचनांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून एक ठरीव युक्तिवाद बहुधा ऐकू येतो. मनुष्याने देवाकडे पाठ फिरविली म्हणून तो एकाकी झाला; एकाकी झाला म्हणून हतबल झाला; आणि काफ्का, काम्यू प्रभृतींची पुस्तके म्हणजे ह्या अधःपाताची त्यांनी स्वहस्ते लिहून दिलेली कबुली होय, असा तो युक्तिवाद आहे. तो सोयीचा आहे, कारण रोग त्यांचा आणि औषध आपले अशी वाटणी त्यात आधीच झालेली असते. प्रस्तुत लेखात आम्ही हा युक्तिवाद तपासून पाहू इच्छितो; आणि तोही दुरून नव्हे, तर ह्या साहित्यात जेथे आपल्याच पेशाचा मनुष्य प्रवेश करतो त्या ठिकाणी उभे राहून.

एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. एकाकी व हतबल मनुष्याचे चित्र रेखाटणाऱ्या विसाव्या शतकातील काही अत्यंत प्रभावी कादंबऱ्यांत धर्मगुरूचे पात्र आहे, आणि ते कथेच्या कडेला नसून निर्णायक वळणावर आहे. फ्रान्त्स काफ्काच्या 'द ट्रायल'मध्ये (१९२५) ते आहे. आल्बेर काम्यूच्या 'द आउटसायडर' (१९४२) व 'द प्लेग' (१९४७) ह्या दोन्ही कादंबऱ्यांत आहे. आणि जॉर्ज बेर्नानोसच्या 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट'मध्ये (१९३६) तर धर्मगुरू हाच नायक आहे. मराठी वाचकाला ही मनोवस्था परकी राहिलेली नाही. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली, तेव्हापासून जगापासून तुटलेला तरुण आपल्या साहित्यातही स्थिरावला आहे. अशी पुस्तके वाचून महाविद्यालयातील एखादा मुलगा अथवा मुलगी आपल्याकडे प्रश्न घेऊन आली, तर ती ह्या चार धर्मगुरूंना भेटूनच आलेली असण्याचा संभव आहे. तेव्हा त्यांची ओळख आपणही करून घेतलेली बरी.

१

'द ट्रायल' ही कादंबरी काफ्काने १९१४ व १९१५ ह्या वर्षांत लिहिली. ती अपूर्ण राहिली, आणि १९२४ साली त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र माक्स ब्रोड ह्याने ती प्रसिद्ध केली. योझेफ के. नावाच्या एका बँकेतील अधिकाऱ्याला त्याच्या तिसाव्या वाढदिवशी सकाळी अटक होते. आरोप काय हे त्याला सांगितले जात नाही. अटक होऊनही त्याला नेहमीप्रमाणे कामावर जाण्याची मुभा असते. वर्षभर तो वकील, चित्रकार, कारकून, स्त्रिया अशा अनेकांकडे खेटे घालतो, आणि एकतिसाव्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला त्याचा वध होतो.

के.ला माणसांची वाण नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्याच्याभोवती सतत गर्दी आहे, आणि त्या गर्दीतील जवळजवळ प्रत्येकाला त्याच्या खटल्याविषयी त्याच्यापेक्षा अधिक माहिती आहे. एकाकीपणा म्हणजे माणसांचा अभाव, ही आपली समजूत येथे अपुरी पडते. आपल्या आयुष्याविषयीचे बोलणे आपल्याला वगळून चालू असणे, हे काफ्काच्या दृष्टीने एकाकीपण. आणि त्या बोलण्याला उत्तर देण्याची जागाच नसणे, ही हतबलता. प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत काफ्काने १९०८ ते १९२२ पर्यंत नोकरी केली. अर्ज, टिपणे व निर्णय ह्यांच्या साखळीत जखमी मनुष्य स्वतःच्याच प्रकरणात कसा अनोळखी होऊन बसतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

कादंबरीच्या अखेरीस के. बँकेच्या एका इटालियन ग्राहकाला कॅथीड्रल दाखविण्यासाठी जातो. पाहुणा येत नाही. बाहेर पाऊस, आत अंधार. एका लहानशा, कमी उंचीच्या व्यासपीठावर धर्मगुरू चढतो, आणि त्या रिकाम्या देवळात के.ला त्याच्या नावाने हाक मारतो. हा तुरुंगाचा धर्मगुरू आहे. म्हणजेच तोही न्यायालयाचाच मनुष्य आहे. तो वाईट मनुष्य मुळीच नाही. के.ची घसरण पाहून तो कळवळून ओरडतो. व्यासपीठावरून खाली उतरून त्याच्याबरोबर येरझारा घालतो. आपल्याला प्रथम दुरूनच बोलावे लागले, नाहीतर आपण फार सहज विरघळतो व कर्तव्य विसरतो, असेही तो सांगून टाकतो. आपल्यापैकी ज्यांनी दीर्घकाळ प्रवचने केली आहेत त्यांना हे अंतर अपरिचित नसावे.

मग तो के.ला कायद्याच्या दारापाशी आलेल्या खेडुताची प्रसिद्ध गोष्ट सांगतो. ही गोष्ट काफ्काने १९१५ साली स्वतंत्रपणेही छापली होती. दार उघडे आहे. पण द्वारपाल आत्ता आत जाता येणार नाही असे म्हणतो. खेडूत दाराशी बसून म्हातारा होतो. मरतेवेळी त्याला कळते की हे दार केवळ त्याच्यासाठीच होते, आणि आता ते बंद होणार आहे. गोष्ट संपताच धर्मगुरू तिच्यावर भाष्य करू लागतो. द्वारपालाने फसविले की तोच फसला, टीकाकारांचा एक पक्ष काय म्हणतो आणि दुसरा काय म्हणतो, हे सारे तो अत्यंत निष्ठेने मांडतो. त्याचे भाष्य बुद्धिमान आहे, प्रामाणिक आहे. आणि ज्याच्या जिवावर बेतले आहे तो श्रोता शेवटी थकून गप्प होतो. धर्मगुरूने के.च्या हाती वाहून नेण्यास दिलेला दिवा एव्हाना विझलेला असतो. अंधारात वाट सापडत नाही असे के. म्हणतो, तेव्हा भिंतीच्या कडेकडेने जाण्यास त्याला सांगण्यात येते. आपल्याकडून आणखी काही हवे होते का, ह्या त्याच्या प्रश्नाला नकारार्थी उत्तर मिळते.

काफ्का यहुदी होता, आणि त्याचे न्यायालय म्हणजे ख्रिस्तमंडळी असे समीकरण मांडणे अन्यायाचे ठरेल. तथापि ह्या प्रसंगातील टीका आपल्याला लागू पडावयाची थांबत नाही. अर्थनिर्णयशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मनुष्याने दाराशी मरणाऱ्या माणसाला दाराविषयीची उत्तमोत्तम मते ऐकविली, आणि मरणाऱ्याला आपल्या मरणाविषयी एक वाक्यही बोलावयास उरले नाही, ही ती टीका होय.

२

'द आउटसायडर'मधील मर्सो हा अल्जीअर्स शहरातील एक सामान्य कारकून आहे. आईच्या अंत्यविधीच्या वेळी तो रडत नाही. पुढे समुद्रकिनाऱ्यावर, भर उन्हात, त्याच्या हातून एका अरब मनुष्याचा खून होतो. खटल्यात मात्र खुनापेक्षा त्याच्या न रडण्याचीच चर्चा अधिक होते. येथेही काफ्काच्या विश्वाशी असलेले नाते स्पष्ट आहे. मर्सोचा वकील त्याच्या वतीने बोलताना 'मी' हा शब्द वापरतो, आणि आपल्याला आपल्याच खटल्यातून बाजूला सारले जात आहे, असे पिंजऱ्यातील मर्सोला जाणवते. दुसऱ्याच्या तोंडी आपला 'मी' जाणे, हतबलतेची ह्याहून नेमकी खूण दुसरी कोणती असू शकेल?

ह्याच यंत्रणेत धर्मही येतो, आणि कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. तपास करणारा न्यायाधीश कागदपत्रांच्या कपाटातील खण ओढून त्यातून चांदीची क्रूसमूर्ती काढतो व ती मर्सोपुढे नाचवितो. जेथे प्रकरणांच्या फायली, तेथेच क्रूस. काम्यूने ह्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. त्याची गरजही नव्हती.

मृत्युदंडाची शिक्षा झाल्यावर मर्सो तीन वेळा धर्मगुरूची भेट नाकारतो. तरीही धर्मगुरू येतो. न विचारता आत येतो आणि खाटेवर बसतो. तोही सौम्य आहे. ह्या भिंतीच्या दगडांतून इतर कैद्यांना देवाचा चेहरा दिसला, असे तो सांगतो. आपण तेथे एका स्त्रीचा चेहरा शोधला, असे मर्सो उत्तरतो. आलिंगन देऊ का असे विचारल्यावर नकार मिळतो. अखेर मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन असे धर्मगुरू म्हणतो, तेव्हा मर्सोचा स्फोट होतो. तो त्याच्या झग्याची कॉलर धरतो आणि साऱ्या कादंबरीत जे बोलला नव्हता ते बोलतो. पहारेकरी त्याला सोडवितात. धर्मगुरू काही क्षण त्याच्याकडे पाहतो. त्याचे डोळे भरून आलेले असतात. मग तो निघून जातो.

ह्या प्रसंगाविषयी दोन विधाने करणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिले असे की, साहित्यकृती म्हणून येथे काम्यूचा हात थोडा जड झाला आहे. त्याने धर्मगुरूला ठरीव वाक्ये दिली, आणि जे खरे उत्तर होते, म्हणजे ते भरलेले डोळे, ते एका ओळीत संपवून त्याला बाहेर घालविले. दुसरे असे की, मर्सोने मिळविलेली म्हणून जी शांती वाखाणली जाते ती दिसते तितकी पूर्ण नाही. वधाच्या दिवशी पुष्कळ लोक यावेत व त्यांनी द्वेषाने ओरडावे, म्हणजे आपल्याला कमी एकटे वाटेल, अशी त्याची अखेरची इच्छा आहे. सोबत नाकारणारा मनुष्य शेवटी सोबतच मागतो, मात्र द्वेषाची. धर्मगुरू ज्या प्रश्नाला भिडू शकला नाही, तो प्रश्न कादंबरी संपली तरी उरतोच.

येथे आणखी एका मनुष्याचे स्मरण करणे प्राप्त आहे. किनाऱ्यावर मारला गेलेला अरब ह्या कादंबरीत आरंभापासून अंतापर्यंत निनावी राहतो. त्याच्यासाठी ना वकील, ना धर्मगुरू, ना शब्द. अल्जीरियन लेखक कामेल दाऊद ह्याने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीत ह्या मृताला नाव दिले आहे. त्याचे नाव मूसा, आणि त्याची हकीकत सांगणारा त्याचा भाऊ हारून. अर्थात् मोशे आणि अहरोन. ज्याला बोलता येत नव्हते त्याचे तोंड अहरोनाने व्हावे, ही निर्गमाच्या पुस्तकातील योजना आपल्याला ठाऊक आहेच. मर्सोच्या एकाकीपणाविषयी हळहळणाऱ्या पिढ्यांना त्या मृताचे नाव विचारण्यास सत्तर वर्षे लागली. एकाकी कोण, हा प्रश्न सहानुभूतीनेही चुकीच्या मनुष्यापाशी थांबू शकतो.

३

'द प्लेग'मधील फादर पानलू हा येशूसंघीय विद्वान आहे. ओरान शहरात प्लेग पसरतो, वेशी बंद होतात, आणि आतले लोक बाहेरच्या आप्तांपासून तुटतात. ह्या विरहालाच काम्यूने साथीचे पहिले लक्षण मानले आहे. प्रार्थना-सप्ताहाच्या शेवटी पानलू प्रवचन करतो. ते प्रभावी आहे. ही आपत्ती तुम्ही ओढवून घेतली आहे, असा त्याचा सूर आहे.

पुढे तो स्वयंसेवकांच्या पथकात दाखल होतो. न्यायाधीश ओथोंच्या लहान मुलावर नवी लस वापरून पाहिली जाते, आणि तिने मुलाचे हाल केवळ लांबतात. पानलू खाटेशी गुडघे टेकून मूल वाचावे म्हणून प्रार्थना करतो. मूल दगावते. हे मूल तरी निष्पाप होते, असे डॉक्टर रिय संतापाने त्याला सुनावतो. पानलू रागावत नाही. जे समजत नाही त्यावर कदाचित प्रेमच करावे लागेल, असे तो म्हणतो. रिय ते स्वीकारत नाही. परंतु आपण दोघे एकाच कामात आहोत, हे तो मान्य करतो.

त्यानंतरचे पानलूचे दुसरे प्रवचन विरळ श्रोत्यांपुढे होते. त्यातील एक बदल काम्यूने मुद्दाम नोंदविला आहे : प्रवचनकार आता 'तुम्ही' म्हणत नाही. फ्रेंच भाषेत त्या जागी जो शब्द येतो त्याला मराठीत दोन पर्याय आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. मुलाच्या खाटेपासून उठून आलेल्या पानलूच्या तोंडी 'आपण' हाच शब्द शोभेल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. फ्रेंच वाचकाला जो भेद संदर्भावरून ओळखावा लागतो, तो आपल्या भाषेने व्याकरणातच ठेवला आहे. म्हणून आपल्या व्यासपीठांवरून 'तुम्ही', 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांपैकी कोणते सर्वनाम कधी बाहेर पडते, हे तपासण्याजोगे आहे.

परंतु सर्वनाम बदलले म्हणून सारे साधत नाही, हेही काम्यू दाखवितो. पानलू आजारी पडतो. डॉक्टरला बोलावू देत नाही. रिय सोबतीला थांबण्याची तयारी दर्शवितो, तेव्हा संन्यस्तांना मित्र नसतात, अशा आशयाचे उत्तर तो देतो. उशाची क्रूसमूर्ती हाती घेऊन तो मरतो, आणि त्याच्या नोंदीत रोगाविषयी संशय व्यक्त केलेला असतो. प्रवचनात 'आपण' म्हणणारा मनुष्य मरणाच्या खाटेवर पुन्हा एकटा झाला. त्याने देवावर सर्व सोपविले होते. मनुष्याची सोबत मात्र त्या 'सर्वां'त धरली नाही. ह्या पात्राला काम्यूने जो आदर दिला आहे तो 'द आउटसायडर'मधील धर्मगुरूला दिला नव्हता. लेखकाची ही वाढ आपण कृतज्ञतेने मान्य करावी. ह्या कादंबरीतही ओरानचे अरब रहिवासी जवळजवळ अदृश्यच आहेत, ही उणीवही तितक्याच स्पष्टपणे नोंदवावी.

४

बेर्नानोसची कादंबरी काम्यूच्या दोन्ही कादंबऱ्यांच्या आधीची. तिच्यातील आंब्रिकूर गावचा तरुण धर्मगुरू प्रत्येक बाबतीत दुबळा आहे. पोटात कर्करोग आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. दारूत बुडविलेल्या पावावर तो कसाबसा जगतो, म्हणून गाव त्याला मद्यपी समजते. हिशेब जमत नाहीत, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुली त्याची थट्टा करतात, आणि स्वतःची प्रार्थनाही त्याला साधेनाशी झाली आहे. पूर्वीच्या तीन धर्मगुरूंजवळ जे होते, म्हणजे अधिकार, विद्वत्ता, वक्तृत्व, त्यांतील काहीच त्याच्यापाशी नाही.

गावच्या वाड्यातील काउंटेसचा लहान मुलगा पूर्वी वारलेला आहे. त्या दुःखाभोवती तिने भिंत बांधली आहे, आणि देवाशी तिचे वैर आहे. धर्मगुरू तिच्याकडे येतो तो तिच्या मुलीविषयी बोलावयास. पण संभाषण त्या बंद भिंतीपाशी पोहोचते. तो गप्प राहत नाही, हे महत्त्वाचे आहे. तो अतिशय कठोर गोष्टी बोलतो. परंतु त्याच्या प्रत्येक वाक्याला ती प्रत्युत्तर देते, आणि तो ते ऐकून घेतो. शेवटी ती मुलाच्या केसांची बट असलेले पदक आगीत फेकते, आणि धर्मगुरू आगीत हात घालतो. त्या रात्री ती त्याला पत्र लिहून आपली शांती कळविते, आणि त्याच रात्री मरण पावते. जे आपल्यापाशी नाही ते आपल्या हातून दुसऱ्याला दिले गेले, ह्या गोष्टीचे त्याला आश्चर्य वाटते. त्याला स्वतःला मात्र त्या शांतीचा वाटा मिळत नाही. उलट ह्या भेटीचा विपर्यास होऊन त्याच्यावरच ठपका येतो.

तो मरतो लील शहरात, धर्मगुरुपद सोडून गेलेल्या एका जुन्या सहाध्यायाच्या घरी. गावचा धर्मगुरू वेळेवर पोहोचत नाही, आणि तो ह्या पतित मानल्या गेलेल्या मित्राकडेच पापक्षमा मागतो. पानलूने नाकारलेली सोबत आंब्रिकूरचा धर्मगुरू मागून घेतो. आम्हांस ह्या चार कादंबऱ्यांतील सर्वांत मोठा भेद येथे दिसतो. हा धर्मगुरू देतानाही रिकाम्या हातांनी देतो, आणि घेतानाही रिकाम्या हातांनीच घेतो.

५

आता आरंभीच्या युक्तिवादाकडे वळू. देव सोडला म्हणून एकाकीपणा आला, असे हे साहित्य सांगते काय? आमचे उत्तर असे की, ते तसे सांगत नाही. ज्या क्षणी मनुष्य बोलता यावा म्हणून धडपडत होता, त्या क्षणी देवाच्या नावाने आलेल्या मनुष्याने त्याची बोलण्याची जागा व्यापली, असे ते सांगते. ही तक्रार परधर्मीय वा नास्तिक मंडळींचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. बेर्नानोस श्रद्धावंत कॅथोलिक होता, आणि आत्मसंतुष्ट धार्मिकतेवर त्याने केलेले प्रहार काम्यूपेक्षा सौम्य नाहीत.

पवित्र शास्त्राला ही तक्रार नवी नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, तोपर्यंत त्यांचे काहीच चुकले नव्हते. ते बोलू लागले तेव्हा ईयोब त्यांच्यासाठी मित्र न राहता एक प्रकरण झाला. आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने कोणाचे बोलणे योग्य ठरविले? देवाची बाजू मांडणाऱ्यांचे नव्हे, तर देवाला जाब विचारणाऱ्याचे. तसेच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. त्याच्या शेवटी कोणी आशेची ओळ जोडली नाही, आणि मंडळीने ते तसेच्या तसे आपल्या प्रार्थनेत ठेवले. काफ्काच्या नायकाला हे स्तोत्र समजले असते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. मग धर्मगुरूने काय करावे. केवळ मौन पाळावे? तसे आम्ही म्हणत नाही. मौनालाही अधिकाराचा दर्प असू शकतो, आणि आंब्रिकूरचा धर्मगुरू तर भरपूर बोलला. फरक बोलण्यात वा न बोलण्यात नाही. ज्याला उत्तर देता येईल असे बोलणे आणि ज्याला उत्तर देता येणार नाही असे बोलणे, हा तो फरक आहे. कॅथीड्रलमधील धर्मगुरूच्या भाष्याला के. उत्तर देत होता, पण प्रत्येक उत्तर पुढल्या भाष्यात जिरून जात होते. काउंटेसचे उत्तर मात्र धर्मगुरूच्या अंगावर आले, आणि त्याने ते अंगावर घेतले. रुग्णालयाच्या कक्षात, तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत, कर्ज बुडालेल्या वा मूल गमावलेल्या घरात आपण शिरतो, तेव्हा कोणत्या प्रकारचे बोलणे घेऊन शिरतो, हे आपले आपल्याला ओळखता येते.

म्हणून ही पुस्तके आपल्या ग्रंथालयांत 'आधुनिक मनुष्याची समस्या' ह्या शीर्षकाखाली ठेवली जाऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. ती धर्मसेवेच्या शिक्षणक्रमात ठेवावीत. गुरुशिक्षणालयातील विद्यार्थ्यांनी व अनुभवी धर्मशिक्षकांनी ती एकत्र बसून वाचावीत. आणि वाचताना मर्सो कोठे चुकला, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून, त्याच्या खाटेवर न विचारता बसलेल्या मनुष्याने तेथून उठावे केव्हा आणि थांबावे केव्हा, ह्याची चर्चा करावी. ती चर्चा सोपी नाही. पण ती ज्यांनी केली असेल त्यांच्या तोंडून, व्यासपीठावर उभे असताना, 'आपण' हा शब्द अधिक खरेपणाने निघेल, असा आम्हांस भरवसा वाटतो.